पिशवीतला एक्स-रे : सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : रुग्णाच्या तपासणीची चित्रे व अहवाल विदर्भातील रुग्णालयांतून नागपूरला संगणकीय मार्गाने पोहोचण्याबाबत.

महोदय,
सविनय नमस्कार.

मी क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून विदर्भातील सरकारी रुग्णालयांत एकतीस वर्षे नोकरी केली आणि आता निवृत्तीनंतर नागपुरातच राहतो. हिवाळी अधिवेशनासाठी आपण येथे याल तेव्हा नव्या यंत्रांच्या घोषणा होतील, आणि त्या व्हाव्यात अशी माझीही इच्छा आहे. मात्र या यंत्रांतून निघालेले चित्र पुढच्या डॉक्टरपर्यंत कसे पोहोचते, हा प्रश्न माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी जिथे होता तिथेच आज बऱ्याच अंशी आहे. त्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी कामाला लागलो तेव्हा एक्स-रे विभागाचा जीव डार्करूममध्ये होता. लाल दिव्याच्या उजेडात कॅसेट उघडायची, फिल्म हँगरला लावायची, ती आधी डेव्हलपरच्या टाकीत, मग पाण्यात, मग फिक्सरमध्ये आणि पुन्हा पाण्यात बुडवायची, असा तो क्रम असे. मे महिन्यात डेव्हलपर तापला की फिल्म गरजेपेक्षा जास्त काळी पडे, म्हणून आम्ही टाकीजवळ बर्फ आणून ठेवत असू. अपघाताचा रुग्ण आला की सर्जन फिल्म वाळेपर्यंत थांबत नसत. पाणी ठिबकणारी फिल्म ते व्ह्यू बॉक्ससमोर, म्हणजे फिल्म पाहायच्या दिव्याच्या पेटीसमोर, धरत आणि हाड कुठे मोडले आहे ते उभ्या उभ्या पाहत. एक्सपोजर चुकले तर रुग्णाला पुन्हा टेबलावर घ्यावे लागे आणि त्याच्या अंगावर पुन्हा किरण सोडावे लागत.

डिजिटल यंत्रे आली आणि हे सारे बदलले. डिटेक्टरवर पडलेले चित्र काही सेकंदांत पडद्यावर दिसू लागले, ते उजळ किंवा गडद करून पाहता येऊ लागले, पुन्हा एक्स-रे काढण्याची वेळ कमी येऊ लागली आणि रसायनांचे सांडपाणी थांबले. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी राँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला, आणि त्यानंतरची शंभरेक वर्षे हे चित्र मुख्यतः फिल्मवरच राहिले. ते फिल्मच्या बंधनातून सुटले, ही माझ्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी घटना मी मानतो. एकदा सुटलेल्या त्या चित्राला आपणच पुन्हा फिल्मवर छापतो, पिशवीत घालतो आणि एसटीने नागपूरला पाठवतो, याचे मला मनापासून दुःख होते.

एक प्रसंग सांगतो. मी तेव्हा नागपुरातील एका सरकारी रुग्णालयात होतो. मे महिन्याच्या एका दुपारी पन्नाशीतली एक बाई नवऱ्याला घेऊन आल्या. दोनच दिवसांपूर्वी त्यांच्या जिल्ह्याच्या ठिकाणी त्याच्या छातीचा सीटी स्कॅन झाला होता. बाईंनी पिशवीतून डबा काढला, टॉवेल काढला आणि त्याखालून घडी घातलेली फिल्म काढली. पिशवीत मावावी म्हणून तिच्या चार घड्या केल्या होत्या आणि एक घडी नेमकी फुप्फुसांवरून गेली होती. आता फिल्म छापतात ती बहुधा उष्णतेवर छापली जाणारी कोरडी फिल्म असते. ती तापलेल्या जागी राहिली की काळवंडते. या बाईंच्या फिल्मचा अर्धा भाग तसा झाला होता. सोबत सीडी दिलेली नव्हती. डॉक्टरांनी पुन्हा स्कॅन लिहून दिला. बाई मला म्हणाल्या, “फोटू त आनला होता जी, मंग पुन्हा काऊन काढता?” माझ्याकडे उत्तर नव्हते. छातीच्या सीटी स्कॅनमध्ये साध्या एक्स-रेच्या कित्येक पट किरणोत्सर्ग रुग्णाला मिळतो, तो त्या माणसाला दोनदा मिळाला. स्कॅनचा नंबर तिसऱ्या दिवशी लागला, आणि ते दोन दिवस दोघेही व्हरांड्यातच राहिले.

ईसीजीची गत याहून वाईट आहे, कारण त्याचा कागदही उष्णतेवर छापणारा असतो आणि प्लास्टिकच्या पाकिटात, उन्हात राहिला की त्यावरची रेघ पुसट होत जाते. हृदयविकाराच्या झटक्यात पहिला ईसीजी कसा होता यावर पुढचे उपचार अवलंबून असतात. पक्षाघातात तर घड्याळच सर्व काही ठरवते: गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे दिसू लागल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि मेंदूत रक्तस्राव झालेला नाही हे सीटीवर पाहिल्याशिवाय ते देताच येत नाही. गडचिरोली ते नागपूर हे अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात आहे. रुग्ण वाटेत असताना त्याचा स्कॅन नागपूरच्या न्यूरॉलॉजिस्टने पाहिलेला असेल तर दारात गेलेला प्रत्येक मिनिट वाचतो. आणि स्कॅन जिथे झाला तिथेच इंजेक्शन द्या, असे त्याला सांगता आले तर अख्खा प्रवासच वाचतो. तंत्रज्ञानाचा फायदा मी यालाच म्हणतो.

हे आज अजिबात होत नाही असे नाही. खेड्यातला तरुण डॉक्टर फिल्म व्ह्यू बॉक्सवर लावतो, मोबाईलने तिचा फोटो काढतो आणि ओळखीच्या वरिष्ठांना व्हॉट्सॲपवर पाठवतो. अशा फोटोंनी रुग्णांचे प्राण वाचल्याचे मी स्वतः पाहिले आहे, म्हणून त्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. पण त्या फोटोत ट्यूबलाइटची तिरीप असते, बारीक फ्रॅक्चर दिसत नाही, आणि रुग्णाचे नाव व वय कोपऱ्यात तसेच राहून अनेकांच्या फोनवर कायमचे जमा होते. वास्तविक एक्स-रे, सीटी आणि एमआरआय या यंत्रांची चित्रे डायकॉम या एकाच जागतिक प्रमाण स्वरूपात साठवली जातात. यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, चित्र दुसरीकडे जसेच्या तसे उघडता येते. तेव्हा अडचण यंत्रांची नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे अडचण आहे ती आपल्या कारभाराच्या रचनेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय आपल्या विभागाच्या कक्षेत येतात. रुग्णाला नागपूरला पाठवले की तो मेडिकलला किंवा मेयोला, म्हणजे येथील दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांपैकी एकात, जातो, आणि ही दोन्ही वैद्यकीय शिक्षण विभागाची आहेत. मिहानमधील एम्स केंद्र सरकारचे. रुग्ण या सीमा रोज ओलांडतो, त्याचे कागद मात्र प्रत्येक सीमेवर नव्याने सुरू होतात: नवा केसपेपर, नवा नोंदणी क्रमांक, नवी तपासणी. छिंदवाडा, बालाघाट, शिवनी येथून येणाऱ्यांना तर राज्याचीही सीमा आडवी येते. म्हणून हे पत्र मी आपल्याला लिहीत असलो तरी वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांनीही ते वाचावे, अशी विनंती आहे.

यासाठी नवी योजना काढण्याचीही गरज नाही. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले आणि आभा या रुग्णाच्या चौदा अंकी आरोग्य ओळख क्रमांकावर त्याच्या संमतीने अहवाल जोडण्याची सोय त्यात आहे. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन वैद्यकीय सल्ला सेवेवर उपकेंद्रातून तज्ज्ञांचा सल्ला घेता येतो. परंतु आभा कार्ड काढले म्हणजे काम झाले, असा समज तळापर्यंत पसरला आहे. कार्ड पाकिटात असते आणि त्यावर एकही एक्स-रे जोडलेला नसतो. शिवाय संमतीसाठी ओटीपी लागतो तेव्हा नोंदवलेला मोबाईल बहुधा मुलाकडे असतो आणि मुलगा पुण्याला कामाला असतो. खिडकीवर आधारच्या बोटाच्या ठशावर किंवा आशाताईंच्या मदतीने ही संमती घेता आली पाहिजे, आणि आपण कशाला संमती देतो आहोत हे रुग्णाला त्याच्या बोलीत समजावले गेले पाहिजे. माहिती त्याची आहे, हे त्यातले पहिले वाक्य असावे.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण हा आमच्या विदर्भाचा जुना आजार आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. तपासणीनंतर रंगीत कार्डे मिळतात. पण मध्यरात्री कळांनी तळमळणाऱ्या मुलाला घेऊन आई धावत निघते तेव्हा ते कार्ड घरीच राहते. ड्यूटीवरच्या डॉक्टरला मुलाचे आधीचे हिमोग्लोबिन, हायड्रॉक्सियुरिया या सिकलसेलवरच्या औषधाची मात्रा आणि मागचा छातीचा एक्स-रे पडद्यावर दिसला, तर त्या रात्रीचे उपचारच वेगळे होतील.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल मला भीती नाही. हातात धरण्याजोग्या एक्स-रे यंत्राने गावात छातीचा एक्स-रे काढायचा, संगणकाने त्यात क्षयरोगाची शंका दाखवायची आणि मग थुंकीची ट्रूनॅट, म्हणजे क्षयाचे जंतू शोधणारी, तपासणी करायची, ही पद्धत मला योग्य वाटते. मात्र शेवटची सही रेडिऑलॉजिस्टचीच असावी. तसेच यंत्र घेताना देखभालीचा करार, यूपीएस आणि ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाचे पद एकाच आदेशात मंजूर व्हावे. “मशीन बंद आहे” ही पाटी मी स्वतःच्या हाताने अनेकदा लावली आहे.

माझी मागणी मर्यादित आहे. गडचिरोली या एकाच जिल्ह्यापासून सुरुवात करावी. अहेरीत किंवा आरमोरीत काढलेला एक्स-रे, सीटी किंवा ईसीजी रुग्णाला रेफर करताच नागपूरच्या डॉक्टरच्या पडद्यावर उघडला जावा, आणि रेफरच्या चिठ्ठीवर तसा क्रमांक असावा. हा सर्व साठा शासनाच्या मालकीचा राहावा, म्हणजे कंत्राटदार बदलला तरी जुनी चित्रे हरवणार नाहीत. सहा महिन्यांनी एकच गोष्ट मोजावी: किती रुग्णांची तीच तपासणी पुन्हा करावी लागली.

तेथील तंत्रज्ञांना चित्रे नीट नाव घालून पाठवण्याचे प्रशिक्षण देण्यासाठी मी कोणतेही मानधन न घेता अहेरीला जाऊन राहण्यास तयार आहे. माझा पत्ता आणि फोन क्रमांक आपल्या कार्यालयास स्वतंत्र पत्राने कळवत आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ
नागपूर