आजारपणाच्या कर्जाला वेगळी नोंद द्या

प्रति,
मा. श्री. संजय मल्होत्रा,
गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

महोदय,

मी नाशिकचा. बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालो. सिडको, अंबड, सातपूर भागातले लोक आजही आपला सिबिल रिपोर्ट घेऊन माझ्याकडे येतात आणि कर्ज का नाकारलं ते विचारतात. रिपोर्टात थकलेल्या दिवसांचे आकडे असतात, कारण नसतं. कारण त्या माणसालाच विचारावं लागतं आणि फार वेळा उत्तर येतं, ‘घरात दवाखाना झाला.’

अंबडच्या एका कामगाराचं सांगतो. पगार २१,००० रुपयांच्या थोडा वर, म्हणून ईएसआयसीचं (कामगार राज्य विम्याचं) संरक्षण नाही. वडिलांना रात्री हृदयविकाराचा झटका आला. जवळ जे खासगी रुग्णालय होतं तिथे नेलं. ते जनआरोग्य योजनेत नव्हतं. आधी डिपॉझिट भरा, मग ॲडमिशन. क्रेडिट कार्ड घासलं, बायकोचं सोनं तारण ठेवलं, उरलेले पैसे मोबाइल ॲपवरून पर्सनल लोन म्हणून घेतले. वडील वाचले. पण ओव्हरटाइम सोडून त्यांच्या उशाशी बसावं लागलं, पगार घटला, हप्ते थकले. ९० दिवस उलटले आणि खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज झालं. पुढे वसुलीवाल्यांनी तडजोड सुचवली. त्याने पतसंस्थेतून पैसे उचलून ती रक्कम भरली आणि सुटलो असं समजला. रिपोर्टात मात्र ‘क्लोज्ड’ ऐवजी ‘सेटल्ड’, म्हणजे पूर्ण न फेडता तडजोडीने मिटवलेलं, असं लागलं होतं. हे त्याला कळलं ते मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाल्यावर. शैक्षणिक कर्जाला सहकर्जदार तोच, आणि त्याच्या सिबिलवर प्रकरण परत आलं. आजोबांच्या आजारपणाची किंमत नातीच्या शिक्षणाने मोजली, आणि यात कुणीही कर्ज बुडवायला निघालं नव्हतं.

अमेरिकेत रुग्णालयाचं थकलेलं बिलच वसुली कंपनीमार्फत क्रेडिट रिपोर्टात जातं. तिथल्या तीन मोठ्या क्रेडिट ब्युरोंनी (आपल्या सिबिलसारख्या कंपन्यांनी) २०२३ मध्ये ५०० डॉलरखालच्या अशा नोंदी काढून टाकल्या. सगळ्याच नोंदी काढण्याचा सरकारी नियम जानेवारी २०२५ मध्ये आला आणि जुलैमध्ये टेक्सासच्या न्यायालयाने तो रद्द केला. तिथे निदान भांडण तरी होऊ शकलं, कारण नोंद दिसत होती. आपल्याकडे रुग्णालय सिबिलला काही कळवत नाही. आजारपण पर्सनल लोन होऊन, कार्डाची थकबाकी होऊन रिपोर्टात शिरतं आणि तिथे परदेश सहलीच्या कर्जाशेजारी जाऊन बसतं. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातल्या आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून केला. त्यातला किती भाग कर्जाचा होता, ते क्रेडिट ब्युरोंच्या नोंदींतून शोधताच येणार नाही.

कर्जाचं कारण पाहून वेगळा नियम करणं रिझर्व्ह बँकेला नवीन नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या संस्थेने ग्राहक कर्जांचा जोखीम भार (कर्जामागे बँकेने किती भांडवल राखायचं त्याचं माप) १०० वरून १२५ टक्के केला, तेव्हा घर, शिक्षण, वाहन आणि सोनेतारण कर्जं त्यातून वगळली. आजारपणाचं कर्ज वगळलं नाही. वगळणार तरी कसं? त्याला नावच नाही. गारपिटीने द्राक्षबाग झोपली तर निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याच्या पीककर्जाचं पुनर्गठन करायला आपलेच निर्देश आहेत. मार्च २०२० मध्ये हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली, तेव्हा त्यामुळे कर्जदाराचा क्रेडिट इतिहास बिघडणार नाही, हेही आपल्या संस्थेनेच सांगितलं होतं.

माझी विनंती त्याच धर्तीवर आहे. उपचारासाठीच्या कर्जाला क्रेडिट रिपोर्टात स्वतंत्र संकेतांक द्या. कर्जदाराने डिस्चार्ज कार्ड आणि अंतिम बिल दिलं, तर सहा महिने हप्ते लांबवण्याचा हक्क त्याला मिळावा आणि तेवढ्या काळात थकलेल्या दिवसांची मोजणी थांबावी. विम्याचा दावा कंपनीकडे अडकलेला असेल तर तो निकाली निघेपर्यंत थांबावी. व्याज माफ करा असं मी म्हणत नाही. खरी थकबाकी लपवा असंही नाही. आयुष्य कर्जवसुलीत गेलेला माणूस ते म्हणूच शकत नाही. खोटी बिलं येतील ही बँकांची भीती मला ठाऊक आहे. त्यावर उपाय आहे: कर्जाची रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात जाऊ द्या आणि बिलाची खातरजमा तिथूनच करा. घरकर्जात आपण पैसे बिल्डरच्या खात्यात भरतोच.

१ जानेवारी २०२५ पासून बँकांना महिन्याऐवजी निदान दर पंधरवड्याला क्रेडिट माहिती पाठवावी लागते. म्हणजे चुकलेला हप्ता आता अधिक लवकर रिपोर्टात चढतो, रुग्ण अजून आयसीयूत असला तरी. म्हणून सगळ्या मागण्यांना वेळ लागणार असेल, तर निदान संकेतांकाचा निर्णय आधी घ्या. त्याला कायदा बदलावा लागणार नाही. २००५ च्या क्रेडिट माहिती कंपनी कायद्याखाली निर्देश देण्याचा अधिकार आपल्याकडे आहे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
सिडको, नाशिक