जिप्सी घ्यावी की नाही

पुणे, 3 नोव्हेंबर

प्रिय सुहास,

गणपतीत येतो म्हणालास आणि आला नाहीस, आणि मीही पाडव्यापासून चार ओळी लिहिलेल्या नाहीत, तेव्हा हिशेब बरोबर झाला असे समजू. माझा रक्तदाब गोळीवर आहे, आईचा गुडघा बरा आहे. पत्राचे खरे कारण असे की मी जुनी फोर बाय फोर, म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना देणारी गाडी, घेण्याच्या बेतात आहे, आणि हे वाचून हसणार नाही असा तूच एक उरला आहेस. सुनीता म्हणते, जिथे रस्ताच नाही तिथे जाण्यासाठी कर्ज काढणारा माणूस तिने दुसरा पाहिलेला नाही.

हाताशी चार लाख आहेत, टायर आणि दुरुस्ती धरून. पक्याने ऑल व्हील ड्राइव्ह डस्टर सुचवली. प्रवासाला ती सुखाची, पण तिला लो रेंज, म्हणजे सावकाश पण जोराने चढवणारी जादा गिअरची जोडी नाही, त्यामुळे दगडांच्या चढावर सगळा भार क्लचवर येतो. महिंद्राची जुनी डिझेल थार, सीआरडीई इंजिनाची, मलाही आवडते. पण त्या थारला आता भाव आला आहे, आणि माझ्या आवाक्यातल्या ज्या पाहिल्या त्यांचे टायर बाहेर आलेले, बंपर बदललेले. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असे फेरफार चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये सांगितलेलेच आहे. दुसऱ्याची हौस मी आरटीओत का निस्तरावी?

उरली मारुतीची जिप्सी. तू लगेच डिझेलचे पुराण सुरू करशील, म्हणून आधीच आठवण देतो, की राजमाचीच्या वाटेवर चिखलात बसली होती ती तुझी डिझेल जीप, एमएम 540, आणि तिला ओढून काढली ती अण्णांच्या पेट्रोल जिप्सीने. जेमतेम टनभर वजनाची गाडी चिखलावरून निघून जाते, हे तू त्या दिवशीही मान्य केले नाहीस.

ही गाडी दापोडीला आहे, 2006 ची, 1.3 लिटरची, मागणी तीन लाख साठ हजारांची. 15 वर्षे उलटल्यावर फेरनोंदणी झाली आहे, पण ती पाचच वर्षांची असते आणि पुढल्या वर्षी संपते, म्हणजे पुन्हा फिटनेस आणि पुन्हा पर्यावरण कर. डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर टाकून पाहण्यात अर्थ नव्हता, कारण पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे डिफरेन्शियल मध्ये नसल्याने वळणावर पुढची आणि मागची चाके एकमेकांना ओढतात. म्हणून नदीकाठच्या मुरमावर नेली, पुढच्या चाकांचे हब लॉक करून ती चाके जोडून घेतली आणि लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरला पाय न लावता चढाला सोडली. निमूट चढली. उतरताना मात्र लो रेंजची दांडी आपोआप बाहेर उडाली आणि गाडी एकदम मोकळी सुटली. ब्रेक होता म्हणून ठीक. वरंध्याच्या उतारावर इंजिनाचा धरबंध असा सुटला तर काय, हे तुला सांगायला नको.

तरीही ट्रान्स्फर केसची, म्हणजे लो रेंजच्या त्या गिअरपेटीची, मला तितकीशी धास्ती नाही, कारण ती उघडता येते आणि तिचे सुटे भाग नाना पेठेत मिळतात. धास्ती आहे ती चासीची, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याची. मागच्या पाट्याची स्प्रिंग जिथे टांगलेली असते त्या हँगरपाशी ताजा काळा रंग दिसला, तेव्हा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो. सगळीकडे टणटण, तिथे मात्र भदभद. नखाने रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली तीन बोटे रुंदीची वेल्ड केलेली पट्टी निघाली. मालक म्हणाले, गाडी कधी कोकणातल्या खाऱ्या हवेत गेलेली नाही. मागच्या गालिच्याखाली बारीक पांढरी वाळू होती.

पट्टी चांगल्या लोखंडाला धरली आहे की गंजलेल्या पत्र्यालाच चिकटवली आहे, हे मला कळत नाही. तू जन्मभर वेल्डिंगच्या शिवणी तपासत आलास; फोटो पाठवले तर शिव्या घालशील, म्हणून पाठवत नाही. पट्टी पक्की असेल तर ट्रान्स्फर केसच्या नावाने साठ हजार कमी करून घेईन. नसेल तर सोडून देईन, कारण चासीचा नंबर त्या लोखंडावरच ठोकलेला असतो आणि चासी बदलणे म्हणजे कागदपत्रांचा नवा संसार.

वहिनींची शाळा कशी चालली आहे? चिन्मयचा निकाल लागला असेल, त्याला शाबासकी सांग. तुझ्या बदलीचे काय झाले, तेही कळव.

शनिवारपर्यंत मालक थांबणार आहेत. शुक्रवारी रात्रीची कोल्हापूर गाडी पकडलीस तर सकाळी स्वारगेटला घ्यायला येतो.

तुझा,
अरुण

ता. क. : हातोडी आणि बॅटरी तुझीच आण, माझ्याकडची बॅटरी पक्याने नेली आहे.