शालिमारचं तिकीट काढून द्वारकेला उतरणारा मुलगा

कंडक्टर काका,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. खाकी शर्टावर बिल्ला असायचा, पण त्याचा नंबर बघून ठेवावा एवढी अक्कल तेव्हा नव्हती. साल १९९४. नाशिकरोडहून शालिमारमार्गे सीबीएसला जाणाऱ्या संध्याकाळच्या सिटी बसवर तुम्ही असायचात. तेव्हा शहरातल्या गाड्याही एसटीच्याच होत्या. मी अकरावीतला, हडकुळा, खिडकी सोडून कायम दाराजवळ उभा राहणारा. तरी आठवणार नाही, म्हणून नेमकी खूण सांगतो: शालिमारचं तिकीट काढून द्वारकेला उतरणारा.

आता ओळख करून देतो. आयुष्यात मी सगळ्यात जास्त टाळलेलं काम ते हेच.

मी तोतरा बोलतो. सभ्य माणसं ‘अडखळत बोलतो’ म्हणतात, अर्थ तोच. सगळ्यात वाईट अडतं ते ‘द’वर. दत्तजयंतीला जन्मलो म्हणून नाव ठेवलं दिगंबर, आणि वडिलांनी घर भाड्याने घेतलं ते द्वारकेला. वाटेत दत्तमंदिर स्टॉप होताच. ‘श’ मात्र सुळकन निसटतो, नुसती हवा सोडायची की झालं. म्हणून रोज द्वारकेच्या पुढचं शालिमार. रोज जास्तीची नाणी जायची. महिनाअखेरीला त्यात दोन-चार वडापाव सहज आले असते.

घरच्यांनी उपाय कमी केले नाहीत. जिभेला वेखंड चोळून झालं, मधातून अक्कलकरा चाटवून झाला, पोपटाचा उष्टा पेरूही खाल्ला. (पेरू गोड होता, एवढंच.) बरं, रामरक्षा म्हणताना मी कधी अडलो नाही. गणपतीत आरतीला माझा आवाज सगळ्यांच्या वर. त्यामुळे नातेवाइकांचं मत पक्कं झालं की पोरगा नाटकं करतो. चारचौघांबरोबर एका सुरात म्हणताना किंवा गाताना तोतरी माणसंही बहुतेक सरळ म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. साधारण शंभर मोठ्या माणसांत एक असा असतो, आणि त्यात बाया कमी, पुरुष कितीतरी जास्त. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची वस्ती पंधरा लाखांच्या आतबाहेर होती. त्या हिशेबाने आम्ही पंधरा हजारांच्या आसपास नाशिककर कुठल्या ना कुठल्या अक्षरावर अडून बसलोय. पण अकरावीत मला वाटायचं, अख्ख्या गावात मी एकटाच.

आमच्या घरात याला मापही होतं. पुराचं पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं यावर गोदेचा अंदाज घेतात ना, तसं मी घरी आलो की ताई विचारायची, ‘आज किती? कंबरेला की गळ्याला?’ मी हाताने दाखवायचो. बोलायचं काम नाही.

एक पाप कबूल करतो. कॉलेजच्या शिबिरात पहिल्या दिवशी गोल करून बसवलं आणि प्रत्येकाला नाव सांगायला लावलं. माझी पाळी आली तेव्हा ‘दि’ निघेना, म्हणून मी ‘सुनील’ सांगून मोकळा झालो. दहा दिवस सुनील होतो. तिथला एक मित्र अजून टिकलाय. माझ्या लग्नाची पत्रिका हातात घेऊन त्याने विचारलं, ‘भावाचं आहे का?’

तर ती संध्याकाळ. उपनगरला गाडी बरीच रिकामी झाली. तुम्ही चिमटा दांडीवर टक-टक करत आलात. मी म्हटलं, ‘शालिमार.’ तुम्ही तिकीट फाडलं नाहीत.

‘उतरतोस तर रोज द्वारकेला. पैसे जास्त झालेत का?’

मी तोंड उघडलं. ‘द्’ आला आणि तिथंच थांबला. मान वाकडी, डोळे मिटलेले, जबडा आवळलेला. मागच्या सीटवरचे गृहस्थ म्हणाले, ‘द्वारका म्हणतोय हो तो, द्या ना.’ तुम्ही त्यांच्याकडे न बघताच बोललात, ‘तुम्हाला विचारलं का?’

मग मला म्हणालात, ‘होऊ दे सावकाश. गाडी माझ्या घंटीवर चालते.’

गांधीनगरचा स्टॉप आला, गाडी थांबली. चढायचे ते चढले, उतरायचे ते उतरले. तुमचा हात दोरीवर होता, पण तुम्ही ती ओढेनात. ड्रायव्हरसाहेबांनी आरशातून दोनदा पाहिलं. तुम्ही माझ्याकडे टक लावून बघत नव्हतात आणि नजर चुकवतही नव्हतात. तिकिटांच्या पेटीवर अंगठा ठेवून नुसते उभे होतात. शेवटी ‘द्वारका’ बाहेर पडलं, तेही अर्धं कुचमलेलं. तुम्ही चिमटा दाबलात, सुटे पैसे हातावर ठेवलेत आणि दोन घंट्या दिल्यात. शाबासकी नाही, पाठीवर थाप नाही. ती दिली असतीत तर मी दुसऱ्या दिवसापासून गाडी बदलली असती.

पण माझ्या लेखी मोठी गोष्ट दुसऱ्या दिवशीची. मला वाटलं होतं, आता हे न विचारताच द्वारकेचं तिकीट देतील. तुम्ही पुन्हा विचारलंत, ‘कुठं?’ तिसऱ्या दिवशीही. पुढे सहा-सात महिने, तुमची ड्यूटी बदलेपर्यंत, रोज. कधी पटकन निघायचं, कधी पार गळ्याला पाणी. तुम्ही दोन्ही दिवशी सारखेच उभे राहायचात. माझ्यावर दया करणारे पुष्कळ भेटले, काका. ते माझं वाक्य पुरं करून टाकतात आणि त्यांना वाटतं मदत झाली. माझं वाक्य माझ्याकडेच ठेवणारे तुम्ही पहिले.

तोतरेपणा गेला नाही. आता अंबडच्या एमआयडीसीत क्वालिटीला आहे, मायक्रोमीटरला नाव सांगावं लागत नाही. मिसळीच्या दुकानात ‘तर्री’ अडली की अजून ‘रस्सा’ म्हणतो. पण सुनील पुन्हा झालो नाही.

आज हे लिहायचं कारण असं. मागच्या महिन्यात आयटीआयची नवी पोरं आली. नावं सांगायला लावली. एक जण ‘प्’वर अडला. हजेरीपट माझ्यासमोर, त्याचं नाव माझ्या जिभेवर तयार. इतकी वर्षं हे भोगलेला मी, पण मलाच राहवेना. ओठ दाबून धरले. शेजारचा पोरगा सांगायला निघाला, त्याला म्हटलं, ‘तुला विचारलं का?’ वीस-पंचवीस सेकंद गेले असतील. अडलेल्या बाजूला मी जन्मभर उभा आहे, पण थांबणाऱ्या बाजूला उभं राहणं एवढं जड असतं याची मला कल्पना नव्हती. आणि माझ्यामागे काही भरलेली गाडी खोळंबलेली नव्हती.

द्वारकेला डोक्यावरून पूल गेला, २०२१ पासून शहरात महापालिकेच्या बस आल्या. तुम्ही केव्हाच रिटायर झाला असाल. हे पत्र कुणी वाचून दाखवलंच, तर एवढं घ्या: आभार. आणि त्या संध्याकाळी माझ्यापायी सीबीएसला गाडी लेट लागली असेल, कुणाची बोलणी खावी लागली असतील, तर त्याबद्दल माफी.

तुमचा,
दिगंबर
द्वारका, नाशिक