आभासी जगातील परिषदेआधी संगणकाची रंगीत तालीम हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातील शैक्षणिक परिषदांची निमंत्रणे आता तालुक्याच्या गावांतील महाविद्यालयांपर्यंत पोहोचू लागली आहेत. त्यांतील काही परिषदा व्हिडिओ कॉलवर न भरता ‘सेकंड लाइफ’सारख्या त्रिमिती आभासी जगात भरतात. विमानभाडे आणि व्हिसा यांची अडचण असलेल्या आपल्या प्राध्यापकांसाठी ही फार मोलाची संधी आहे. मात्र तिची तयारी नेहमीच्या ऑनलाइन बैठकीइतकीच सोपी समजली जाते, म्हणजे लिंकवर क्लिक केले की काम झाले. महाविद्यालयाच्या संगणक विभागात काम करताना या समजुतीमुळे होणारे नुकसान मी जवळून पाहत आलो आहे. अनेक महिने खपून लिहिलेला शोधनिबंध तयार असतो, मांडणाऱ्या व्यक्तीची तयारी चोख असते, आणि ऐन वेळी संगणक सभागृहाच्या दारात अडकून पडतो.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. व्हिडिओ कॉलमध्ये दुसऱ्या टोकाकडून तयार चित्र येते आणि आपला संगणक ते पडद्यावर दाखवतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीने २००३ मध्ये सुरू केलेल्या सेकंड लाइफमध्ये तसे होत नाही. तेथे व्यासपीठ, खुर्च्या, भिंती, समोर बसलेले अवतार (म्हणजे सहभागी व्यक्तींची प्रतिनिधी चित्ररूपे), त्यांचे केस आणि कपडे यांची फक्त माहिती सर्व्हरकडून येते. त्या माहितीवरून संपूर्ण दृश्य उभे करण्याचे आणि आपण मान वळवली की ते पुन्हा नव्याने रंगवण्याचे काम आपल्याच संगणकाला करावे लागते. हा भार मुख्यतः ग्राफिक्स कार्डावर पडतो, आणि आपल्या प्रयोगशाळांतील बहुतेक संगणक टंकलेखन, हिशेब आणि प्रोग्रॅमिंगच्या तासिका डोळ्यांसमोर ठेवून घेतलेले असतात. ज्या यंत्रावर व्हिडिओ बैठक विनातक्रार चालते, तेच यंत्र आभासी सभागृहात गोठून जाते ते यामुळेच.

त्यात आणखी एक फसगत आहे. आदल्या दिवशी रिकाम्या सभागृहात शिरून पाहिले तर सारे सुरळीत वाटते. प्रत्यक्ष परिषदेच्या वेळी पन्नास-साठ अवतार येऊन बसले की तोच संगणक धापा टाकू लागतो. सेकंड लाइफमधील जमीन २५६ मीटर लांबी-रुंदीच्या चौरस विभागांत वाटलेली असते आणि एका विभागात ठरावीक संख्येपर्यंतच अवतार मावतात. म्हणून मोठ्या सभांचे व्यासपीठ पुष्कळदा चार विभाग जेथे एकमेकांना भिडतात त्या कोपऱ्यावर उभारतात. श्रोत्यांची सोय त्याने होते, पण आपल्या संगणकाला चारही विभागांची माहिती एकाच वेळी सांभाळावी लागते. यावर उपाय आहेत आणि ते विनाखर्चाचे आहेत. ज्यातून आपण हे आभासी जग पाहतो त्या व्ह्यूअर या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये जाऊन दृश्याचे अंतर, म्हणजे किती लांबपर्यंतचे दृश्य रंगवायचे ती मर्यादा, ६४ मीटरपर्यंत खाली आणावे, सावल्या बंद कराव्यात, आणि अवतारांच्या गुंतागुंतीची मर्यादा कमी करावी. मग जड पोशाखातील अवतार नुसत्या रंगीत आकृतीसारखे दिसतात आणि संगणक मोकळा होतो. परिषदेत ऐकायला जायचे असते, तेव्हा शेजाऱ्याचा अंगरखा बारकाईने दिसला नाही तरी काही बिघडत नाही. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील तर व्ह्यूअर त्यांतील सक्षम चिपवर चालतो आहे की नाही, हे विंडोजच्या सेटिंगमध्ये तपासावे आणि चार्जर जोडलेला ठेवावा. सभागृहात आधी एकदा फिरून येण्याचाही फायदा होतो, कारण तेथील बरीचशी चित्रे संगणकात साठून राहतात आणि दुसऱ्या वेळी दृश्य लवकर उभे राहते.

महाविद्यालयाच्या नेटवर्कचा प्रश्न मला याहून गंभीर वाटतो. बहुतेक ठिकाणी फायरवॉल, म्हणजे नेटवर्कची ये-जा रोखणारी सुरक्षा भिंत, फक्त वेबसाइट पाहण्यापुरती खुली असते, तर आभासी जगाची देवाणघेवाण वेगळ्या पोर्टवरून, म्हणजे त्या भिंतीतील वेगळ्या दारांतून चालते. त्यामुळे लॉगिनची खिडकी उघडते, पासवर्ड स्वीकारला जातो, पण आत पाऊल पडत नाही. आवाजाची जोडणी तर दृश्यापासून स्वतंत्र असते, म्हणून सभागृह स्वच्छ दिसत असूनही वक्त्याचा शब्द ऐकू न येणे सहज शक्य आहे. शिवाय प्रयोगशाळेतील संगणकावर नवा प्रोग्रॅम बसवायला ॲडमिन पासवर्ड लागतो आणि तो ज्यांच्याकडे असतो ते रात्री तेथे नसतात. घरच्या लॅपटॉपवर घेतलेली चाचणी येथे काहीही सिद्ध करत नाही. ज्या यंत्रावरून आणि ज्या जोडणीवरून भाग घ्यायचा आहे, तिथेच ती घ्यायला हवी. मायक्रोफोन असलेला हेडफोन तर अनिवार्य मानावा, नाहीतर स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून साऱ्या सभेला प्रतिध्वनी ऐकावा लागतो.

रात्रीचा उल्लेख मुद्दाम केला. सेकंड लाइफचे घड्याळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील वेळेप्रमाणे चालते. तेथील सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तेथील घड्याळे बदलतात, आणि त्या आठवड्यांत तासाभराची चूक हमखास होते. त्या वेळी वीज गेली तर संगणकाबरोबर राउटरही यूपीएसवर असायला हवा, हेही ध्यानात ठेवावे.

ही तयारी किती महत्त्वाची आहे, हे अपंग व्यक्तींच्या बाबतीत विशेष जाणवते. ‘व्हर्च्युअल ॲबिलिटी’ ही संस्था सेकंड लाइफमध्ये अपंगांचे हक्क आणि मानसिक आरोग्य या विषयांवर परिषदा भरवते आणि तेथे भाषण लेखी स्वरूपातही उपलब्ध करून दिले जाते. ज्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी जाणेही कष्टाचे आहे, त्यांना जगभरच्या श्रोत्यांसमोर बोलता यावे याइतकी आनंदाची गोष्ट नाही. अशा व्यक्तीची संधी एका बंद पोर्टमुळे किंवा न तपासलेल्या माइकमुळे हुकावी, हे मला अत्यंत अन्यायाचे वाटते.

म्हणून आपल्या दैनिकाद्वारे प्राचार्यांना विनंती आहे, की परिषदेची नोंदणी फी आणि कर्तव्य रजा मंजूर करतानाच एक ठरावीक संगणक, नेटवर्क पाहणाऱ्या कर्मचाऱ्याचा वेळ आणि त्या रात्री इमारत उघडी ठेवण्याची परवानगीही मंजूर करावी, आणि हे सर्व किमान आठवडाभर आधी व्हावे. आपल्याकडील ज्या संस्था अशा परिषदांच्या संयोजनात सहभागी होतात, त्यांनी निमंत्रणात भारतीय वेळ आणि लागणाऱ्या संगणकाची क्षमता स्पष्ट छापावी आणि सभागृह भरलेले असताना एक तालीम घ्यावी, ज्यात सहभागी होणाऱ्या प्रत्येकाला माइकवरून निदान एक वाक्य बोलून पाहता येईल.

आपला विश्वासू,
महाविद्यालयीन संगणक विभागातील एक कर्मचारी,
बार्शी, जि. सोलापूर