रविवारच्या आधी

डिचोली, बुधवार रात्र

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

दुपारी फोन आधी कोणी ठेवला यावर तुझ्या आईचं आणि माझं एकमत नाही. ते जाऊ दे. तुझ्या धुवायला टाकलेल्या पँटीत लघवीच्या गोळ्यांची पट्टी सापडली ती तिला. दहातल्या दोन गोळ्या गेलेल्या. "पपा, सगळेच घेतात," म्हणालास. सगळेच घेत नाहीत, आणि जे घेतात त्यांच्या पोटऱ्या स्टेजवर काय करतात ते तूही पाहिलंयस. पण गोळीचा विषय पत्रात काढणार नाही असं आईला कबूल करून बसलोय. तेव्हा रविवारच्या बॉडीबिल्डिंग स्पर्धेचं तेवढं लिहितो.

वजनापासून सुरू करू, कारण सगळी भानगड तिथूनच निघालीय. आज सकाळी तू ७१.४ भरलास. तुझ्या कोचला तू ७० च्या गटात हवायस आणि वजनं शनिवारी संध्याकाळी. म्हणजे तीन दिवसांत दीड किलो. हे दीड किलो येणार कुठून? चरबी तीन दिवसांत एवढी जात नाही, जायची ती एवढ्या आठवड्यांच्या डाएटमध्ये गेली. भाज्या, डाळी, उसळी उद्यापासून बंद केल्यास आणि उकड्याच्या जागी सुरय, म्हणजे न उकडलेल्या तांदळाचा भात खाल्लास, तर आतड्यातला माल कमी होऊन अर्धा-पाऊण किलो बिनबोभाट उतरतो. त्यात वावगं काही नाही. राहिलेला पाऊण किलो मात्र पाण्यातूनच काढावा लागतो, आणि तिथे ती पट्टी हजर होते. आलोच बघ त्यावर. पुढे.

दुसरी अडचण अशी. स्नायूत एक ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, साठलं की त्याच्यासोबत साधारण तीन ग्रॅम पाणी येतं. तीनशे ग्रॅम साठवलंस तर किलोभर वजन वर गेलंच. म्हणजे ७० त बसायचं तर वजन होईपर्यंत कार्ब-लोड, म्हणजे स्नायू भरायला भरपूर भात खाणं, करता येणार नाही, आणि शनिवारी रात्री सुरू केलंस तर हातात एकच रात्र. एका रात्रीत तेवढा भात ढकलला की स्नायू अर्धे भरतात आणि पोट मात्र पूर्ण. सकाळी ॲब्जच्या पोझला सगळा श्वास सोडलास तरी कंबर आत जाणार नाही. छाती फ्लॅट, पोट पुढे. असे किती जण दरवेळी पाचव्या-सहाव्या नंबरवर उभे असतात.

तू ७५ त उतर. हलका दिसेन म्हणतोस, पण जजच्या टेबलावर काटा नसतो. ७२ चा भरलेला, रेषा उठलेला माणूस ७४ च्या मऊ माणसाशेजारी मोठा दिसतो. मनोहर आईच ४ फूट ११ इंचांचे होते, १९५२ साली आपल्या उंचीच्या गटात मिस्टर युनिव्हर्स झाले. तुझी कंबर बारीक, सांधे बारीक, खांदे आजोबांचे. हे सगळं काट्यावर दिसत नाही, स्टेजवरच दिसतं. वरच्या गटात गेलास म्हणून कोणी हसणार नाही. हसला तर कोच हसेल, आणि त्याला रविवारी चड्डीवर वर यायचं नाहीये.

७५ ठरलं की गणित सोपं. गुरुवार-शुक्रवार ४५० ग्रॅम कार्ब, सहा वेळांत वाटून. कच्चे सुरय तांदूळ ५०० ग्रॅम म्हणजे ३९० च्या आसपास. बाकीचं दोन केळी आणि मधातून. तेल, खोबरं जवळपास शून्य. माईने हुमणाचा, माशाच्या आमटीचा, डबा पाठवायचा घाट घातलाय, मी थांबवलंय. सोमवारी पाहिजे तेवढं जेव. प्रोटीन नेहमीपेक्षा थोडं कमी चालेल, अंड्याचा पांढरा आणि चणक माशाचा तुकडा पुरे. शनिवारी सकाळी उजेडात पाठमोरा फोटो काढ. रेषा बुजल्यासारख्या वाटल्या तर स्पिल व्हायला लागलंय, म्हणजे जादा झालेला भात स्नायूबाहेर सांडतोय, शनिवारचा भात निम्मा कर. अजून सपाट वाटलास तर तसाच चालू ठेव. त्या दिवशी नवीन पदार्थ काही नको. दूध नको, पोदेराचा, पाववाल्याचा, पावही नको, कितीही गरम असला तरी.

पाणी रोजचं चार लिटर तसंच, शनिवार रात्रीपर्यंत. रविवारी तहान लागेल तसं घोट-घोट. मीठ बंद करायचं नाही, रोज जेवढं खातोस तेवढंच. हे तुला उलटं वाटेल, कारण जिममध्ये सगळे उलटं सांगतात. पण शरीरातलं दोन-तृतीयांश पाणी पेशींच्या आत असतं, स्नायूचा पाऊण भागही पाणीच. "फक्त कातडीखालचं काढ" असं शरीराला सांगता येत नाही. पाणी तोडलं, मीठ तोडलं की आधी रक्ताचं प्रमाण घटतं, शिरा बसतात, आणि बॅकस्टेजला रबरी बँड कितीही ओढलास तरी पंप येत नाही, स्नायू रक्ताने फुगत नाहीत. मग पोरं म्हणतात पाणी अजून राहिलंय. रविवारी सकाळी जे मऊ दिसतं ती बहुतेक वेळा चरबी असते. ती त्या दिवशी कशानेच जात नाही, कोच काहीही म्हणो.

आता लिहूनच टाकतो, नाहीतर हात तिकडेच ओढ घेतोय. तुझ्या पट्टीतली गोळी तासाभरात लागू होते आणि सहाएक तास लघवीला पळवते. पाण्याबरोबर सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम सगळं बाहेर. पोटरीत गोळा येतो तो त्यामुळे. साइड चेस्टच्या पोझला टाच उचलून पोटरी आवळायची असते ना, तिथेच धरते. पोटरी धरली तर माणूस लंगडत खाली येतो. हृदय हाही स्नायूच आहे. दुसऱ्या जातीची गोळी असते ती पोटॅशियम आत अडवते, आणि कुणीतरी शहाणा वर पोटॅशियमच्या गोळ्याही देतो. मग ते वर चढतं, ते आणखी वाईट. १९९२ साली मोहम्मद बेनाझिझा हा बॉडीबिल्डर हॉलंडमधली ग्रां प्री स्पर्धा जिंकला आणि काही तासांत गेला. जिंकून गेला, बाबू. त्याच्याकडे तुझ्या कोचपेक्षा जास्त कळणारी माणसं असतील. आणि टेस्ट झाली तर ही गोळी वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, बंदीच्या यादीत आहे. पण मला टेस्टची भीती नाही. भाईच्या वेळेस पोटॅशियमचा रिपोर्ट यायचा तेव्हा आपल्या घरात कोणी बोलायचं नाही, तुला आठवत असेल. ३.५ ते ५ हे नॉर्मलचे आकडे तुझ्या आईला तिथूनच पाठ झालेत. आज पट्टी हातात घेऊन ती न्हाणीच्या दारात उभी होती, बोलली काहीच नाही.

शाळामास्तरासारखं झालं, माफ कर. तू सव्वीसचा आहेस, स्वतःच्या पगाराचं खातोस, वेर्ण्याची नाइट शिफ्ट करून सकाळी जिममध्ये पायांचा व्यायाम मारतोस. मला हे सगळं दिसतं. घराचं बांधकाम चालू असताना तू चिऱ्यांच्या दोन थप्प्यांमध्ये डिप्स मारायचास, तळहात लाल करून आत यायचास आणि आजीला वाटायचं पडलास. चिरा डोक्यावर उचलून तू मोजायचास आणि गवंडी तुझ्यापेक्षा मोठ्याने मोजायचे. त्या पोराला हे सांगायला नको, तरी सांगतोय.

पोझिंगचं. सातही पोझ येतात तुला, पण दमल्यावर लॅट स्प्रेडला, पाठ पसरवायच्या पोझला, खांदे कानाकडे जातात. अंगठे कंबरेवर रोवायचे, कोपरं पुढे आणायची, खांदे खाली. पाठमोऱ्या डबल बायसेप्सला मागचा पाय चवड्यावर ठेवल्यावर तू पुढे झुकतोस. थोडं मागे रेल, म्हणजे वरचा उजेड पाठीवर पडतो. कंपॅरिझनला तेच तेच नंबर पुन्हा बोलावतात, तेव्हा प्रत्येक पोझ पाच सेकंद धरायची ताकद शेवटपर्यंत हवी. आणि क्वार्टर टर्नला, पाव-पाव वळताना, "रिलॅक्स" म्हटलं तरी सैल व्हायचं नाही, मांड्या आवळलेल्याच. रांगेत मागे उभं असतानाही जज बघत असतात. बरेच जण तिथेच हरतात, पोट सोडून उभे राहतात. उद्यापासून वजनं उचलायची नाहीत, फक्त रोज अर्धा तास पोझिंग, आरशाकडे पाठ करून. स्टेजवर आरसा नसतो.

रंग. शेव्ह शुक्रवारी, शनिवारी नको. ताज्या कापावर टॅन, म्हणजे अंगाला लावायचा तो गडद रंग, जास्त बसून ठिपके पडतात. शनिवारी अंग चांगलं घासून आंघोळ, नंतर तेल, क्रीम, पावडर, डिओ काही नाही. डिओ राहिला की काखेत टॅन हिरवा पडतो. रात्री स्पंजने दोन हात, मध्ये पंख्याखाली पूर्ण वाळू दे, आपल्या हवेत वेळ लागतोच. तिसरा सकाळी. कोपर, गुडघे, बोटांचे सांधे यांवर हात हलका, तिथली कोरडी कातडी जास्त पिते. चेहरा शेवटी. काळी चादर आईने काढून ठेवलीय, आणि अण्णांचा जुना ढगळा फुलशर्ट. संडासात जेट स्प्रे जपून वापर, एक थेंब मांडीवरून ओघळला की पांढरी रेघ.

पाठ मात्र स्वतःची स्वतःला रंगवता येत नाही, आणि या खेळात मला आवडणारी गोष्ट तीच. ज्याला हरवायचं त्याच्याच हातात स्पंज द्यायचा. मागच्या वेळी तुझी पाठ रंगवली ती त्या कुडचड्याच्या पोराने, तुझ्याच गटातला. आडवे पट्टे न मारता किती निगुतीने रंगवली होती. त्याला तुझी पाठ खराब करायची असती तर दोन मिनिटांचं काम. आणि म्हापशाचा तो ज्युनियर पोटऱ्या धरून खाली बसला तेव्हा तुझा नंबर पुकारायला आला होता, तरी तू गुडघ्यावर बसून त्याचा चवडा दाबत होतास. कुणीतरी मीठ आणलं, कुणी पाणी. त्यानेही काय घेतलं होतं ते तुला ठाऊक होतं. मी तिथे टॉवेल घेऊन उभा होतो आणि तुझ्याकडे बघत होतो. बक्षिसाच्या पाकिटात अंड्यांचेसुद्धा पैसे निघत नाहीत, म्हणून आई विचारते हे कशासाठी. मी तिला तो चवडा दाबण्याचा प्रसंग सांगितला, तिला पटलं नाही. पण ऐकून घेतलं.

बॅकस्टेजला सतरंजी लवकर टाक, भिंतीजवळ, पाय वर ठेवून पडून राहा. गट पुकारण्याआधी पाऊण तास चुरमुरे आणि मध, दोन घोट पाणी, चिमूटभर मीठ. पंप शेवटची वीस मिनिटंच: बँडने पाठ, खांदे, मग पुशअप, मग हात. मांड्यांना हात लावू नको, पंप झाला की कट बुजतात. घाम फुटतोय वाटलं की थांब, टॅन ओघळायला लागतो. तेल अगदी पातळ, तळहातावर चोळून मग अंगावर. आणि छातीत धडधड, चक्कर, पोटरी ओढल्यासारखी, काहीही वाटलं तर स्टेजवर चढायचं नाही. कुणाला तरी सांग. मला सांग, मी ओरडणार नाही.

शनिवारी वजनाच्या टेबलावर फॉर्ममध्ये ७५ लिही. कोचशी बोलायचं असेल तर मी येतो, आवाज न चढवता बोलेन. तू नको म्हणालास तर नाही येणार. पण त्या दोन गोळ्या कधी घेतल्यास, एकत्र की वेगवेगळ्या, तेवढं आईला कळव. मला नको सांगू, तिला सांग.

तुझा,
पपा

ता. क. : नंबराचा बिल्ला चड्डीच्या डाव्या बाजूला, चार पिना लागतात, आयोजक दोनच देतात. पिना बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात टाकल्यात. दुसरी चड्डीही ठेवलीय, पहिलीचं इलॅस्टिक मागे सैल झालंय. माईला पुढची खुर्ची हवीय, तिचा उजवा डोळा अजून धूसर आहे. ७५ चा गट साधारण किती वाजता आहे ते कळलं की फोन कर.