अपुरा हप्ता भरल्याने थकबाकी थांबत नाही

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गृहकर्ज घेतलेल्या अनेक कुटुंबांत एक समजूत फार घट्ट बसलेली आहे. एखाद्या महिन्यात पूर्ण हप्ता जमत नसेल, तर जमेल तेवढी रक्कम भरत राहावे. काही ना काही भरणा सुरू आहे तोवर बँक खाते थकीत धरत नाही आणि सिबिल या पतमाहिती कंपनीच्या अहवालातही त्याची नोंद होत नाही, असे लोक मनापासून मानतात. बँकेच्या कर्ज विभागात नोकरीचा बराच काळ घालवल्यामुळे ही समजूत मी अगदी जवळून पाहिली आहे. ती बाळगणारी माणसे कर्ज बुडवायला निघालेली नसतात. नोकरी गेली, घरात मोठे आजारपण आले किंवा धंद्यातली येणी अडकली, तरी घर हातचे जाऊ नये म्हणून ती पोटाला चिमटा काढून पैसे भरत असतात. म्हणूनच या समजुतीतला धोका स्पष्टपणे मांडणे मला आवश्यक वाटते.

रिझर्व्ह बँकेने 12 नोव्हेंबर 2021 च्या परिपत्रकात याविषयीचा नियम उदाहरणासह स्पष्ट केला आहे. ठरलेल्या तारखेला, त्या दिवसाचे कामकाज बंद होताना बँकेची संगणकप्रणाली हिशोब करते, त्या वेळेपर्यंत देय रक्कम पूर्णपणे जमा झालेली नसेल, तर खाते त्याच तारखेपासून थकीत धरले जाते. थकबाकी 30 दिवसांपर्यंतची असेल तर खाते एसएमए-0 (स्पेशल मेन्शन अकाउंट, म्हणजे धोक्याची सूचना देणारा वर्ग) या वर्गात येते, त्यानंतर 60 दिवसांपर्यंत एसएमए-1 आणि 90 दिवसांपर्यंत एसएमए-2 मध्ये राहते, आणि त्यापुढे ते अनुत्पादक, म्हणजे एनपीए ठरते. या सगळ्या मोजणीत ‘पूर्ण’ हा शब्द निर्णायक आहे. तीस हजारांपैकी एकोणतीस हजार भरले, तरी उरलेल्या एका हजारासाठी दिवसांची मोजणी सुरू होते.

एका उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. समजा, एका कर्जदाराचा हप्ता 30,000 रुपये असून तो दर महिन्याच्या 5 तारखेला देय आहे. एप्रिलपासून तो दरमहा त्या तारखेला 20,000 रुपयेच भरू शकतो आणि बँक आलेली रक्कम सर्वांत जुन्या थकबाकीत जमा करत जाते. एप्रिलअखेर 10,000 रुपये थकतात, मे महिन्यात 20,000, आणि असे करता करता ऑक्टोबरच्या हप्त्यानंतर थकबाकी 70,000 रुपयांवर पोचते, म्हणजे ऑगस्टच्या हप्त्यातले 10,000 रुपये आणि सप्टेंबर व ऑक्टोबर हे दोन्ही हप्ते पूर्ण थकलेले असतात. ऑगस्टचा हप्ता 5 तारखेपासून थकीत असल्यामुळे रिझर्व्ह बँकेच्या मोजणीनुसार 3 नोव्हेंबरला त्याला 90 दिवस भरतात आणि त्या रात्री खाते एनपीए होते. दंडाची रक्कम यात मी धरलेलीच नाही. सात महिने एकही महिना न चुकवता 1,40,000 रुपये भरलेला माणूस अशा रीतीने आठव्या हप्त्याच्या आधीच थकबाकीदारांच्या यादीत जातो.

याच हिशोबाची दुसरी बाजू अधिक क्लेशकारक आहे. दुसऱ्या एखाद्या कर्जदाराने हेच 1,40,000 रुपये एप्रिल ते जुलै पूर्ण हप्त्यांच्या आणि ऑगस्टमध्ये 20,000 रुपयांच्या रूपाने भरले आणि त्यानंतर त्याचे उत्पन्न बंद पडले, तर त्याचेही खाते त्याच 3 नोव्हेंबरला एनपीए होईल. पण त्याची जुलैपर्यंतची नोंद निर्दोष राहील. अपुरे हप्ते भरणाऱ्याच्या नावावर मात्र एप्रिलपासूनच विलंबाचे दिवस चढत गेलेले असतात. सिबिलच्या अहवालात मागील 36 महिन्यांपर्यंतच्या परतफेडीची महिनावार नोंद दिसते, आणि पुढे कर्ज देणारी संस्था त्यामागची धडपड पाहत नाही, तिला फक्त आकडे दिसतात.

याचा अर्थ हप्ते बुडवावेत असा अजिबात नाही. अपुऱ्या भरण्यालाही मोल आहे. त्याने थकबाकीचा बोजा हलका राहतो आणि एनपीएची तारीख पुढे जाते. वरच्या उदाहरणातल्या कर्जदाराने एप्रिलपासून काहीच भरले नसते, तर 4 जुलैलाच त्याचे खाते एनपीए झाले असते. म्हणजे अपुऱ्या हप्त्यांनी त्याला चार महिने मिळवून दिले. हा मिळालेला वेळ बँकेशी लेखी तोडगा काढण्यासाठी वापरायचा असतो, आणि नेमके तेच होत नाही, कारण खाते सुरळीत आहे अशी त्याची समजूत असते.

आणखी एक अडचण अनेकांच्या लक्षात येत नाही. हप्ता एनएसीएच मॅन्डेटने, म्हणजे खात्यातून आपोआप वळता करण्याच्या आगाऊ परवानगीने, दुसऱ्या बँकेतल्या पगाराच्या खात्यातून जात असेल, तर खात्यात 20,000 रुपये असूनही त्यातले काहीच वळते होत नाही. 30,000 रुपयांची मागणी येते आणि शिल्लक अपुरी म्हणून ती पूर्णच्या पूर्ण परत जाते. दोन्हीकडचे शुल्क बसते ते वेगळेच. शिवाय 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यातील कलम 25 नुसार, चेक न वटण्याप्रमाणेच अशा परतीबद्दलही फौजदारी तक्रार होऊ शकते. हप्त्यासाठी पैसे कमी पडणार हे आधीच दिसत असेल, तर असलेली रक्कम स्वतः कर्जखात्यात भरून पावती घ्यावी. वसुली एजंटाच्या हाती रोख देऊन त्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. एजंटाने सकाळी 8 च्या आधी आणि सायंकाळी 7 च्या नंतर वसुलीसाठी फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेनेच बजावलेले आहे, हेही कर्जदारांनी ध्यानात ठेवावे.

आगाऊ परतफेडीबाबतही असाच घोळ होतो. दिवाळीच्या बोनसमधून कोणी दोन लाख रुपये मुद्दलात भरतो आणि पुढचे काही हप्ते त्यातच धरले जातील असे समजतो. तसे होत नाही. त्या रकमेने मुद्दल कमी होते, पण पुढच्या महिन्याचा हप्ता ठरल्या तारखेला देय राहतोच. बिल्डरने ताबा लांबवला म्हणून रागाने हप्ता अर्धाच भरणारे फ्लॅटधारकही मी पाहिले आहेत. त्यांचा राग रास्त असतो आणि विलंबाबद्दल व्याज मागण्याचा हक्क त्यांना रेरा कायद्याच्या कलम 18 ने दिलेला आहे. परंतु ती दाद गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या महारेराकडे बिल्डरविरुद्ध मागायची असते. बँकेशी झालेला करार वेगळा असतो आणि तिथे हा बचाव सहसा टिकत नाही.

खाते एनपीए झाल्यानंतर त्याचे परिणाम एका कर्जापुरते राहत नाहीत. वर्गीकरण कर्जदारानुसार होते, त्यामुळे त्याच बँकेत त्याचे वाहनकर्ज नियमित चालू असले तरी तेही एनपीए धरले जाते. सहकर्जदार म्हणून सही केलेल्या पत्नीच्या आणि जामीनदार राहिलेल्या भावाच्या पतअहवालातही ही नोंद उमटते. त्यानंतर दोन-चार हप्ते भरून खाते पूर्ववत होत नाही. मुद्दल आणि व्याजाची सर्व थकबाकी भरल्याशिवाय ते पुन्हा नियमित वर्गात घेता येत नाही, हे 2021 च्या त्या परिपत्रकात स्पष्ट केलेले आहे. तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकांना देणाऱ्या सरफेसी कायदा 2002 च्या कलम 13(2) खालील नोटीस तर संपूर्ण कर्जाच्या वसुलीची असते आणि तिची मुदत 60 दिवसांची असते. मे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा कायदा सहकारी बँकांनाही लागू असल्याचे ठरवले आहे, त्यामुळे आपल्या गावच्या सहकारी बँकेचे कर्ज आहे म्हणून कोणी निर्धास्त राहू नये. नोटिशीवर लेखी आक्षेप घेता येतो आणि बँकेला त्याचे उत्तर 15 दिवसांत द्यावे लागते. ताब्याच्या कारवाईविरुद्ध 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. ही नोटीस कपाटात ठेवून देणारी माणसे पाहिली की जीव कासावीस होतो, कारण दाद मागण्याच्या मुदती तेवढ्यात निघून जातात.

मग अडचणीत सापडलेल्याने काय करावे? हप्त्याची तारीख येण्यापूर्वी शाखेत जाऊन अडचणीचे कारण, सध्याचे उत्पन्न आणि किती महिने किती रक्कम भरता येईल हे लेखी द्यावे आणि पोच घ्यावी. मुदत वाढवून हप्ता कमी करणे, पगाराच्या तारखेनुसार हप्त्याची तारीख बदलणे किंवा कर्जाची पुनर्रचना हे पर्याय विचारावेत. पुनर्रचनेची नोंदही पतअहवालात होते, पण ताबा आणि लिलावापर्यंत जाण्यापेक्षा ती केव्हाही परवडते. व्याजदर वाढल्यामुळे हप्ता झेपेनासा झाला असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकानुसार, दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्हींचा मेळ घालायचा, ही निवड बँकेने कर्जदाराला देणे अपेक्षित आहे. मुदत ठेव किंवा विमा पॉलिसीवर कर्ज काढून तात्पुरती तूट भरता येते. मोबाइल ॲपवरचे महागडे कर्ज काढून घराचा हप्ता भरणे मात्र कटाक्षाने टाळावे. तडजोडीत काही रक्कम सोडून दिली जाते तेव्हा अहवालावर ‘सेटल्ड’ असा शेरा येतो आणि तो पुढे नव्या कर्जाच्या आड येतो, याची कल्पना सही करण्यापूर्वीच असावी.

दंडाबाबत एक सुधारणा झालेली आहे. चुकलेल्या हप्त्यावर आता दंडव्याज लावता येत नाही. वाजवी दंडशुल्क लावता येते, पण ते मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज आकारता येत नाही. खातेउतारा मागवून हे तपासावे. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो, तोही मागवावा. त्यातली चूक कळवूनही 30 दिवसांत निवारण झाले नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. 1 जानेवारी 2025 पासून बँकांना ही माहिती किमान दर पंधरवड्याला पाठवणे बंधनकारक झाले, त्यामुळे महिनाअखेरपर्यंत तूट भरून काढली की विलंब दिसणार नाही, हा जुना भरवसाही आता उरलेला नाही.

शेवटी बँकांकडे एक मागणी आहे. 2021 च्या त्याच परिपत्रकाने थकीत तारीख, एसएमए आणि एनपीए या संकल्पना उदाहरणांसह समजावणारे साहित्य संकेतस्थळावर ठेवण्यास सांगितले आहे, शाखांमध्ये त्याचे फलक लावण्याचा विचार करण्यास सुचवले आहे आणि काउंटरवरच्या अधिकाऱ्यांनी कर्जदारांना ते समजावून द्यावे असेही म्हटले आहे. महाराष्ट्रातल्या शाखांमध्ये हे फलक सोप्या मराठीत, कर्ज विभागाच्या दारापाशीच लागावेत. अपुरा हप्ता जमा होताच कर्जदाराला मराठीत संदेश जावा आणि त्यात किती रक्कम कमी पडली, खाते कोणत्या तारखेपासून थकीत आहे आणि कोणत्या तारखेला ते एनपीए होईल, हे तिन्ही तपशील असावेत. या तारखा बँकेच्या संगणकात आधीच असतात, त्यामुळे हे काम फारसे खर्चाचे नाही. राज्यातील बँका आणि गृहवित्त कंपन्यांनी येत्या आर्थिक वर्षापासून ते सुरू करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
डोंबिवली