कॅरव्हॅन लांब उभी करा, खाडी पायी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोकणात कॅरव्हॅन, म्हणजे झोपायची आणि टॉयलेटची सोय असलेली गाडी, घेऊन फिरायचं याबद्दल हल्ली बरंच छापून येतंय, 2021 साली राज्य सरकारनं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून मी हा विषय वाचतेय, कारण मी मूळची वेंगुर्ल्याची आणि आता बरीच वर्षं इंग्लंडात रेडिंगला राहते. प्रत्येक फोटोत गाडी एकदम पाण्याला टेकवून उभी असते आणि ते बघून पोटात कालवतं. म्हणून हे पत्र.

मे महिन्यात लेकीच्या शाळेला आठवड्याची सुट्टी होती, आई पण गावाहून आलेली, म्हणून आम्ही भाड्याची कॅरव्हॅन घेऊन इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेटला गेलो. तिथे चेसिल बीच म्हणून गोट्यांचा एक प्रचंड दांडा आहे, सुमारे 29 किलोमीटर लांब, आणि त्याच्या मागे अडकलेलं पाणी म्हणजे फ्लीट लगून, ते 13 किलोमीटर. शाळेत भूगोलात 'वाळूचा दांडा' आणि 'खाजण' पाठ केलं होतं ना, अगदी तेच, फक्त वाळूच्या जागी गोटे. भरतीचं पाणी फक्त एका टोकाला फेरीब्रिजच्या पुलाखालून आत येतं, त्यामुळे त्या बाजूला पाणी समुद्राइतकं खारट आणि दुसऱ्या टोकाला, अ‍ॅबट्सबरीला, मचूळ.

गाडी कॅरव्हॅनच्या मुक्कामाच्या साइटवर लावली ती परत निघेपर्यंत हलवली नाही. साइटवर वीज, पाणी आणि मुख्य म्हणजे टॉयलेटची टाकी रिकामी करायला वेगळी जागा, तिथेच ओतायचं, दुसरीकडे कुठेही नाही. मग दोन दिवस तुकड्या तुकड्यानं काठाकाठानं चाललो. पायवाट जमिनीच्या बाजूनं आहे, कधी शेताच्या कडेनं, कधी चिखलातून. एका ठिकाणी लेकीचा बूट चिखलात रुतला तो दोघांनी ओढून काढला. काठावर वाळलेल्या समुद्री गवताचा पट्टा पडलेला, त्याचा तो खारट कुबट वास आला आणि आई थांबलीच. म्हणाली, "अगो, ही तर आपली खाडीच मां!" आणि थोड्या वेळानं, "पण समुद्र खंय आसा गो?" समुद्र दिसत नव्हता, तो दांड्याच्या पलीकडे, पण लाट मागे जाताना गोटे ओढून नेते त्याचा खरखराट सारखा ऐकू येत होता. गाडीची काच लावून गेलो असतो तर हे ऐकू आलं असतं का?

वाटेत फ्लीट गावाचं जुनं चर्च लागतं, म्हणजे त्याचा उरलेला तुकडा. 1824 च्या नोव्हेंबरात वादळात समुद्र दांडा ओलांडून आला आणि चर्च, घरं सगळं घेऊन गेला. अ‍ॅबट्सबरीला मठातल्या साधूंनी पाळलेल्या हंसांची वसाहत आहे, तिची नोंद 1393 सालची सापडते, आणि ती अजून तिथेच आहे. आम्ही गेलो तेव्हा राखाडी पिल्लं नुकतीच बाहेर आलेली.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. लगूनच्या समोरचा दांडा 1 एप्रिल ते 31 ऑगस्ट चालायलाही बंद असतो, कारण पक्षी गोट्यांतच अंडी घालतात. फेरीब्रिजकडे छोट्या सुरयांची (किनाऱ्यावरच्या पक्ष्यांची) वसाहत आहे, त्यांची अंडी हुबेहूब ठिपक्यांच्या गोट्यासारखी, पाय पडला तरी कळणार नाही. तिथे कुंपण घालतात आणि स्वयंसेवक राखण करतात. बोर्डावर तारखा स्पष्ट लिहिलेल्या आणि लोक ते पाळतात, कुणी हुज्जत घालत नाही. लेकीनं फेरीब्रिजला एक गोटा खिशात टाकला होता, गोटे न्यायला बंदी आहे हे वाचून तिनंच परत ठेवला.

आता आपल्याकडे बघा. वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला कासवं येतात, वर रत्नागिरीत वेळासला येतात, आणि त्याच किनारपट्टीवर गाड्या वाळूत घालून रील काढणारे लोक आपण सगळ्यांनी पाहिलेत. चाकाच्या चाकोरीत कासवाचं पिल्लू अडकलं की समुद्रापर्यंत पोचतच नाही, आणि वाळू दाबली गेली तर खालच्या घरट्याचं काय होणार? कॅरव्हॅन तर साध्या गाडीपेक्षा बरीच जड.

कॅरव्हॅन येऊ देत, गावातल्या बायकांच्या हाताला काम मिळेल, खानावळी चालतील, मला आनंदच आहे. पण कॅरव्हॅन पार्क, म्हणजे त्यांच्या मुक्कामाच्या जागा, खाडीपासून लांब, गावाच्या बाजूला करा. टॉयलेटच्या टाकीची सोय झाल्याशिवाय एकाही पार्कला परवानगी देऊ नका, नाहीतर ते सगळं रात्री खाडीत जाणार. आणि अंड्यांच्या दिवसांत तेवढा किनारा तारखा लिहून बंद ठेवा, राखणीला गावातलीच मुलं पगार देऊन नेमा.

तुमचे सिंधुदुर्गातले वार्ताहर पुढच्या वेळी कॅरव्हॅनची बातमी करतील तेव्हा एवढं एक विचारून छापा, की टाकी कुठे रिकामी करणार? आई पुढच्या महिन्यात वेंगुर्ल्याला परत जातेय, पेपर तिच्याकडे रोज येतो, ती वाचून मला फोनवर सांगेल.

आपली,
एक वाचक
रेडिंग, इंग्लंड (मूळ वेंगुर्ला)